तुलुमच्या खडकामागे

२००९ सालचा मे महिना नुकताच लागला होता. उज्ज्वल आणि एकता मेक्सिकोहून सिंगापूरला परतले, तेव्हा चांगी विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने पासपोर्टवरचा शिक्का पाहिला आणि दोघांना रांगेतून बाजूला काढलं. स्वाइन फ्लूची धास्ती तेव्हा जगभर पसरली होती. मेक्सिकोहून आलेल्यांनी घरी जायचं नाही, आठवडाभर सरकार ठेवेल तिथे राहायचं, असा नवाच नियम निघाला होता. त्यांना मास्क दिले, मिनीबसमध्ये बसवलं आणि बेटाच्या पूर्व टोकाला समुद्रकाठच्या एका शॅलेत, म्हणजे सुट्टीच्या बंगलीत, नेऊन सोडलं. एरवी लोक तिथे शनिवार-रविवारी बार्बेक्यूला येतात. आता फाटकावर गार्ड होता, सकाळ-संध्याकाळ ताप बघायला नर्स येणार होती आणि जेवणाची पॅकेटं कोणीतरी दाराबाहेर ठेवून जाणार होतं.

उज्ज्वल वैतागला. बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये त्याचे प्रयोग खोळंबले होते. एकताला मात्र मनातून बरंच वाटलं. ती स्वतः नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती, त्यामुळे मास्क आणि थर्मामीटरचं तिला काही वाटत नव्हतं. आठवडाभर नवरा डोळ्यांसमोर राहणार, एवढंच तिला पुरेसं होतं. कारण मेक्सिकोत एक अख्खी दुपार तिने विधवा म्हणून काढली होती.

त्याचं असं झालं. उज्ज्वलची कॉन्फरन्स कानकूनला होती आणि एकताने रजा टाकून त्याच्याबरोबर जायचं ठरवलं होतं. कॉन्फरन्स सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी दोघं बसने तुलुमला गेले. माया लोकांचं जुनं शहर आहे ते. समुद्राच्या कड्यावर करड्या दगडांची देवळं उभी, तिन्ही बाजूंनी जाड तट, दगडांवर ऊन खात पडलेले हातभर लांबीचे सरडे. कड्याखाली पिठासारखी पांढरी वाळू आणि पाणी असं निळं, की एकताला ते खोटंच वाटलं. लाकडी जिन्याने खाली उतरता येत होतं.

"मी एक डुबकी मारून येतो," उज्ज्वल म्हणाला. "तू वर फोटो काढ तोवर."

एकताला पोहता येत नव्हतं. ती वर देवळांतून हिंडली, एका अमेरिकन बाईने तिचा फोटो काढला, तिने त्या बाईचा काढला. मग ती खाली आली. उज्ज्वलचा टॉवेल होता, चपला होत्या, चपलेत नीट ठेवलेला चष्मा होता. उज्ज्वल नव्हता.

आधी ती नुसती बघत राहिली. पाण्यात डोकी बरीच होती आणि एवढ्या लांबून सगळी सारखीच दिसत होती. मग ती हाका मारायला लागली. मग इतर लोक उठून उभे राहिले. पुरातत्त्व खात्याचा एक पहारेकरी आला, त्याने हाताने पाण्यातली ओढ दाखवली, दक्षिणेकडे, खडकांच्या बाजूला. कोळ्यांच्या दोन होड्या निघाल्या. कोणीतरी एकताच्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला, ती भिजली नव्हती तरी. होड्या गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. स्पॅनिशमध्ये लोक आपापसांत हळू आवाजात बोलायला लागले, तेव्हा भाषा येत नसूनही तिला सगळं समजलं.

पहारेकऱ्याबरोबर इंग्रजी येणारा एक गाईड होता. त्याने विचारलं, घरच्या कोणाला कळवायचंय का. एकताने नागपूरला सासऱ्यांना फोन लावला. शिवदासराव प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. तिकडे सगळे झोपले होते. पलीकडून "हॅलो" आलं आणि तिच्या तोंडून एका दमात निघून गेलं, "बाबा, उज्ज्वल समुद्रात गेला होता. सापडत नाहीये. दोन तास झाले."

शिवदासराव म्हणाले, "तू पाण्यात उतरू नकोस, बेटा. तू तिथेच बस."

आणि उन्हं कलायला लागल्यावर उज्ज्वल आला. जिन्यावरून नाही, तटाबाहेरच्या रस्त्याने, एका कोळ्याच्या पिकअपमध्ये मागे बसून, उघडा, पायाला खरचटलेलं. ओढीने लांब नेलं, म्हणाला, खडकांपलीकडे कुठेतरी बाहेर पडलो, तिथून चालत रस्ता शोधत आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या अमेरिकन बाईने त्याला मिठी मारली. एकता वाळूत बसली होती तिथेच बसून राहिली.

पुढे दोनच दिवसांत फ्लूमुळे कॉन्फरन्स गुंडाळली, विमानं रद्द झाली, तिकिटांसाठी धावाधाव झाली, आणि त्या गडबडीत त्या दुपारबद्दल दोघं धड बोललेच नाहीत.

शॅलेत आल्यावर मात्र फोनच फोन सुरू झाले. लॅबमधल्यांना कळलं होतं. नागपूरच्या वस्तीत तर सगळ्यांनाच कळलं होतं. उज्ज्वल हा त्या वस्तीतला परदेशी शिकायला गेलेला पहिला मुलगा. कोणाच्या पोराला ॲडमिशन घ्यायची असो, कोणाचा रिपोर्ट समजून घ्यायचा असो, शिवदासराव अभिमानाने उज्ज्वलचा नंबर द्यायचे. आता तेच लोक त्याची ख्यालीखुशाली विचारत होते. उज्ज्वल पलंगावर बसून प्रत्येकाला तीच हकिकत सांगायचा, आणि दर वेळी ती थोडी लहान होत जायची. एकताला वाटायचं, त्याला अजून भीती वाटतेय. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवदासरावांचा फोन आला. उज्ज्वलने स्पीकर लावला.

"विहारात भन्तेजींना बोलावलंय रविवारी," ते म्हणाले. "सगळी वस्ती येणार आहे. तू वाचलास त्याचं."

"बाबा, कशाला एवढं?"

"कशाला म्हणजे? तुझ्या आईची इच्छा आहे."

"आई कुठेय? इतके दिवस झाले, बोलली नाही माझ्याशी."

शिवदासराव घुटमळले. "ती झोपलीय."

"आत्ता? सकाळी?" एकताने विचारलं. "बाबा, आईंना बरं नाहीये का?"

मग त्यांना सांगावंच लागलं. त्या रात्री एकताचा फोन आला, तेव्हा उज्ज्वलची आई हिराबाई शेजारीच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. शेजारच्या पद्माकरांना उठवायला म्हणून त्या अंधारातच जिना उतरायला गेल्या आणि वरून खालपर्यंत पडल्या. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड घातलाय. तुम्ही तिकडे अडकलेले, जिवाला घोर नको, म्हणून सांगितलं नाही.

"तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका," शिवदासराव म्हणाले. "पोरगा परत आला आमचा. हाड काय, जुळेल."

फोन बंद झाला. आपण तो फोन करायची घाई केली, तासभर थांबलो असतो तर, हेच एकताच्या डोक्यात फिरत होतं. तिने तसं बोलूनही दाखवलं. "माझ्यामुळे झालं, उज्ज्वल. मी थांबायला हवं होतं."

उज्ज्वल खिडकीपाशी उभा होता. तो वळला नाही.

"तुझ्यामुळे नाही," तो म्हणाला.

"मग कोणामुळे? मीच केला ना फोन?"

"एकता, मी पंधरा-वीस मिनिटांतच बाहेर आलो होतो."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुठून बाहेर?"

"पाण्यातून. ओढ होती, ते खरं. पण ती फार लांब नेत नव्हती. त्या खडकाच्या वळणापलीकडे एक छोटा किनारा होता. तिथे लागलो. तिथून जिना दिसत होता."

"चष्मा नव्हता तुझ्याकडे."

"माणसं ओळखू येत नव्हती. पण तुझा पिवळा कुडता दिसत होता."

समोरच्या खाडीवरून एक विमान खाली उतरत होतं, त्याच्या आवाजाने खिडकीची काच थरथरली. तो आवाज विरेपर्यंत एकता तशीच बसून राहिली.

"मी हाका मारत होते," ती शेवटी म्हणाली.

"वाऱ्यात ऐकू नव्हत्या येत. पण तू मारतेयस हे कळत होतं."

"होड्या?"

"दिसल्या."

"आणि तू?"

"बसलो होतो. खडकाला टेकून." आता तो वळला. चेहरा असा होता, जसा कोणाचा तरी आजार सांगताना असतो. "पहिली पाच मिनिटं नुसता दम खात होतो. मग वाटलं, आणखी पाच मिनिटं. तिथे कोणी नव्हतं. कोणाला माहीत नव्हतं मी कुठे आहे ते. मला आठवत नाही असं याआधी कधी झालं होतं. मग होड्या निघाल्या, आणि मला लाज वाटली, आता कसं उठायचं. उठलो तर सांगावं लागणार इतका वेळ काय करत होतो. आणि मग..."

"मग काय?"

"मग लाजही गेली. मला वाटलं, झालं, आता मी नाहीच. तुम्ही सगळे रडाल, आणि मग सावराल. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, एकता. तेच मला कोणाला सांगता येत नाहीये."

"तीन तास," एकता म्हणाली. "मला तिथे वाळूत बसलेली बघत होतास तू. तीन तास."

"हो."

"मग आलास कशाला?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केलेला दिसला. "तहान लागली," तो म्हणाला.

तिला वाटलं होतं, तो म्हणेल तुझी आठवण आली, निदान घाबरलो तरी म्हणेल. सहा वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्याशी कधी मोठ्याने बोलला नव्हता, कधी काही विसरला नव्हता. नागपूरचा प्रत्येक फोन तो उचलायचा, प्रत्येक पोराला नीट उत्तर द्यायचा. तिला तो शांत वाटायचा. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला कळेना, आपण कोणाबरोबर राहत होतो.

तेवढ्यात दार वाजलं. नर्स होती, मलय बाई, मास्कवर हसरे डोळे. तिने उज्ज्वलच्या कानात थर्मामीटर घातला, मग एकताच्या.

"मला दुसरी खोली मिळेल का?" एकताने इंग्रजीत विचारलं. "वेगळी?"

नर्सने एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "फॅमिली टुगेदर, मॅडम. चेंज कॅनॉट, लाह," ती सिंगापुरी इंग्रजीत हळूच म्हणाली. "तुम्हाला बरं नाही वाटत का?"

"ताप नाहीये," एकता म्हणाली.

नर्स गेल्यावर तिने दोन पलंगांपैकी एकाची गादी ओढत मागच्या व्हरांड्यात नेली. फाटकापलीकडे जाता येत नव्हतं. लांबात लांब जाता येईल तो व्हरांडाच. उज्ज्वल मदतीला उठला, तिने हातानेच नको म्हटलं. पुढचे दिवस तिने तिथेच काढले. समोर समुद्र होता, पण तो करडा, गाळाचा, आणि त्यात नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं. जेवणाचं पॅकेट ती घ्यायची, निम्मं ठेवून द्यायची. कधी तिला राग यायचा, इतका की दात आवळले जायचे. कधी नुसतंच पुन्हा पुन्हा ते दिसायचं, खडकाला टेकलेला तो आणि वाळूत बसलेली ती, एकाच उन्हात. रडू मात्र आलं नाही. सगळं रडू तुलुमलाच संपलं होतं, आणि ते त्याने पाहिलं होतं.

दोन दिवसांनी तो व्हरांड्याच्या दारात येऊन उभा राहिला. "बाबांना सांगणार आहेस?"

"मी नाही. तू सांगायचं. रविवारी विहारात लोक जमायच्या आत."

"ते त्यांना सहन नाही होणार."

"मलाही झालं नाही. तरी सांगितलंसच ना."

त्याच दिवशी, शनिवारी, त्याने फोन लावला. एकता व्हरांड्यातच होती. स्पीकर लावलेला नव्हता, तिला फक्त उज्ज्वलचं बोलणं ऐकू येत होतं. त्याने काही लपवलं नाही. तहानेचंसुद्धा सांगितलं. मग तो बराच वेळ "हो बाबा" म्हणत राहिला, आणि मग फोन तिच्यापुढे धरला. "तुला मागतायत."

"एकता," शिवदासराव म्हणाले. आवाज म्हातारा वाटत होता. "विहारातलं रद्द करतो. काहीतरी कारण सांगतो लोकांना. आणि हिराला यातलं काही सांगायचं नाही. निदान ती पायावर उभी राहीपर्यंत."

"हो बाबा."

"लोकांना त्याचा नंबर मीच देत आलो. तो कंटाळत असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही." "पण त्याने जे केलं ते केलं. तू त्याच्याजवळ राहायचं की नाही, ते तुझं तू ठरव. इथून तुला कोणी एक शब्द बोलणार नाही."

मंगळवारी त्यांना सोडलं. फाटकापाशी टॅक्सीची वाट बघताना एकता म्हणाली, "मी नागपूरला जातेय. आईंपाशी कोणीतरी बाई माणूस हवं. हॉस्पिटलात रजा मागितलीय."

"मी पण येतो."

"नको. तू राहा इथे, एकटा. तुला काय हवंय ते तुझं तुला तरी कळू दे."

ती गेली. हिराबाई वॉकर धरून अंगणात चालायला लागेपर्यंत, म्हणजे जुलै उजाडेपर्यंत, ती तिथे राहिली. हिराबाई तिला रोज विचारायच्या, तो पाण्यात कसा सापडला, कसा वाचला, आणि एकता रोज तेवढंच सांगायची, ओढ होती, खडकापाशी लागला. उज्ज्वल संध्याकाळी फोन करायचा, आईशी बोलायचा. एकदा त्याने शिवदासरावांना सांगितलं, की तो डॉक्टरांकडे जायला लागलाय, मनाच्या. वस्तीतल्या पोरांचे फोन आता शिवदासराव स्वतःच घेत होते, आणि जमेल तशी उत्तरं देत होते.

एकता परत आली तेव्हा उज्ज्वल चांगीवर उभा होता. बारीक झाला होता. त्याने बॅग घ्यायला हात पुढे केला आणि तिने ती दिली. टॅक्सीत दोघं मागे बसले, मध्ये एकताची पर्स. ड्रायव्हरने कुठे जायचं विचारलं. उज्ज्वलने तिच्याकडे पाहिलं.

"नोव्हेना," एकता म्हणाली. मग उज्ज्वलला म्हणाली, "माझ्या लॅबमधली स्मिता आहे ना, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. सध्या तिथे राहीन. तू मला सोडून पुढे जा."

"बरं," तो म्हणाला. बराच रस्ता गेल्यावर त्याने विचारलं, "रविवारी येऊ भेटायला?"

एकता खिडकीबाहेर बघत होती. "आधी फोन कर," ती म्हणाली.