दोघांचा एकच खण

मी एक जुना मॅक्रो आहे. माझ्याविषयी आलेल्या एका पत्राला सरांनी, म्हणजे ज्यांनी मला लिहिलं त्यांनी, तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. ते आठवलं की मला अजून अपराधी वाटतं.

मित्रांनो, मॅक्रो म्हणजे संगणकासाठी एकदाच लिहून ठेवलेल्या सूचना. आकडेवारीच्या प्रोग्राममध्ये कोणी माझं नाव घेतलं, की माझ्या साठ ओळी तिथे हजर होतात आणि सरासरी काढून देतात. सरांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर, पेन्सिलीने खाडाखोड करत घडवलं. तरी दुसऱ्यांना देताना म्हणाले, "चालेल बहुधा." मी वीस वर्षं चाललो! लोक तोंडभरून स्तुती करत. मला उघडून वाचायची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

पत्र एका रुग्णालयातल्या नोंदणीबाईंचं होतं. सोबत त्यांच्या प्रोग्रामची प्रत होती. 'स्त्रियांच्या वॉर्डात दोनशे चाळीस रुग्ण होत्या. बाराजणींच्या जखमा चिघळल्या. वहीवर शेकडा पाच येतात, संगणक साडेसात म्हणतो. या आकड्यावरून मोठ्या सिस्टरांना वॉर्डातून काढायचं घाटतंय. चूक कोणाची? बैठकीत दाखवायला तुमच्या सहीचं उत्तर हवं.'

सरांनी ते पत्र पुस्तकात खूण म्हणून घातलं आणि ते पुस्तकच उघडायचं सोडून दिलं.

"अहो, त्या बाई वाट बघत असतील," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

"माझीच चूक निघाली तर?"

"निघू दे की! तुमच्या संकोचापायी त्या सिस्टरांनी वॉर्ड सोडायचा?"

सरांनी चष्मा पुसला आणि मला उघडलं. किती वर्षांनी! ओळींवर बोट फिरवत ते एकेचाळिसाव्या ओळीशी थांबले. तिथे मी मोजलेली संख्या ठेवायचा खण होता. त्याचं नाव 'एकूण'. बाईंनीही आपल्या दोनशे चाळीस रुग्णांचा आकडा त्याच नावाच्या खणात ठेवला होता. मग वयाची सरासरी काढायला त्यांनी मला बोलावलं. वय नोंदलेल्या एकशे साठच जणी होत्या. मी बाईंचा आकडा पुसून तिथे माझा ठेवला आणि हूं की चूं केलं नाही. पुढे बाराला भागलं गेलं ते एकशे साठने.

"अरे गाढवा," सर मला म्हणाले. आणि लगेच, "नाही रे, गाढव मी."

त्यांनी माझ्या खणाचं नाव बदललं आणि तो माझ्यापुरताच राहील अशी एक ओळ वर घातली. इतक्या हळुवारपणे, की मला ओशाळल्यासारखं झालं.

मित्रांनो, माझ्यासारख्याला कामाला लावण्याआधी उघडून वाचत जा. आम्ही मुद्दाम वाईट वागत नाही, पण दुसऱ्याच्या घरात शिरताना दार वाजवायचं आम्हाला कळत नाही. उत्तर विचित्र वाटलं, तर त्या बाईंसारखी वही काढा.

सरांनी चार पानी उत्तर लिहिलं. पत्नीने ते वाचलं. "माफी साडेतीन पानं झाली. उत्तर कुठंय?"

मग त्यांनी नवा कागद घेतला. 'तुमचे शेकडा पाच बरोबर आहेत. साडेसात ही माझ्या मॅक्रोची चूक. हे बैठकीत वाचून दाखवावे.' खाली पूर्ण सही.

बैठकीला अजून सहा दिवस होते. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट अर्धं सरकवून सर थबकले.

"सोडा आता," पत्नी म्हणाल्या.

सरांनी सोडलं.