बॉनेटवरचा हात

मी एक जुनी पट्टी आहे. हसू नका, मित्रांनो. पट्टी म्हटलं की तुम्हाला गुरुजींच्या टेबलावरची लाकडी पट्टी आठवणार, हे मला ठाऊक आहे. मी तसली मारकुटी नाही. मी रबराची, तळहाताएवढी, एका अंगाला मऊ कड असलेली. नव्या गाडीला ओरखडा पडू नये म्हणून हल्ली लोक तिला पारदर्शक फिल्म लावून घेतात. रंगावर साबणाचं पाणी फवारायचं, त्यावर फिल्म अलगद सोडायची आणि मग माझ्या कडेनं खालचं पाणी रेटत रेटत बाहेर काढायचं. पाणी गेलं की फिल्म गाडीला अशी बिलगते की बघणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. काम माझं आणि नाव मात्र फिल्मचं. असो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मला डोळे नाहीत. मी जे सांगणार आहे ते माझ्या कडेला लागलेलं आणि माणसांच्या तोंडून ऐकलेलं. पण म्हणून मला काही कळत नाही असं समजू नका. फिल्मखाली केस अडकला तर तो माणसाचा की ब्रशाचा, हे मी सांगू शकते.

माझी पहिली आठवण गुलमंडीतल्या एका स्टिकरच्या दुकानाची आणि ज्ञानेश्वरीच्या हाताची. ती खुलताबादकडच्या मेंढपाळ घरातली. वडील गेले आणि त्यांच्यामागे मेंढरंही विकली गेली. आई आक्काबाई आणि चार शेळ्या तेवढ्या गावात राहिल्या, म्हणून ही शहरात कामाला आली. त्या दुकानात आम्ही दोघींनी रिक्षांच्या पाठीवर पोरांची नावं चिकटवली, दवाखान्याच्या काचांवर वेळा चिकटवल्या. तिचा हात हलका आणि चिवट. रिक्षावाले मुद्दाम तिलाच मागायचे. पुढे जालना रोडच्या मागच्या गल्लीत रामेश्वरनं गाड्यांना फिल्म लावायचं वर्कशॉप काढलं, तेव्हा ती मला ओढणीच्या टोकात गुंडाळून तिकडे घेऊन गेली.

आक्काबाईचा रोज दुपारी फोन यायचा, जेवलीस का एवढंच विचारायला. नेमकी तेव्हाच फिल्म अर्धी बसलेली असायची. अर्ध्यात हात थांबवला तर पाणी सुकतं आणि रेघ राहते, म्हणून ज्ञानेश्वरी कोपरानं फोन गप्प करायची. संध्याकाळी लावते म्हणायची आणि दमून विसरायची. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट काम आधी ही शिकवण माझीच, असं मी मनातल्या मनात मिरवायचे. आज त्या मिरवण्याची लाज वाटते.

आता त्या दिवसाचं सांगते. मे महिना होता. धूळ बसू नये म्हणून फिल्मच्या खोलीत पंखा लावत नाहीत. त्यामुळे सकाळी नऊलाच सगळे घामानं निथळत होते. गल्लीत आठ दिवस टँकर फिरकला नव्हता. इतक्यात ज्ञानेश्वरी काहीतरी घ्यायला वळली आणि दचकली. तिच्या पाठीशी एक कोरी पांढरी गाडी येऊन उभी होती. इलेक्ट्रिक गाडीला आवाज नसतो, ती आत कधी शिरली ते कुणालाच कळलं नव्हतं.

गाडीतून शिवराज उतरला. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस. त्याला संध्याकाळी सहाला गाडी हवी होती. तो घाईघाईनं रिक्षात बसून गेला आणि थोड्या वेळानं ऑफिसच्या फोनवरून त्यानं रामेश्वरला कळवलं, की माझा घरच्यांसाठीचा मोबाइल गाडीतच राहिलाय, राहू द्या, आल्यावर घेतो.

ज्ञानेश्वरीनं एकटीनं करायची ही पहिली गाडी. आजवर ती दुसऱ्यांच्या हाताखाली होती. ही जमली नाही तर परत स्टिकर कापायच्या टेबलावर बसावं लागेल, असं रामेश्वरनं तिला स्वच्छ सांगितलं होतं. त्यामुळे तिचा हात त्या दिवशी जरा जास्तच घट्ट होता.

चूक तिथेच झाली. फिल्मच्या पाण्यात लहान मुलांचा शाम्पू घालतात, अगदी थेंबभर. बाटली उघडली तर रिकामी. टँकर नाही म्हणून पाणीही बोअरचं, जड. दुकानात जाऊन येण्यात वेळ जाईल म्हणून ज्ञानेश्वरीनं कपड्याच्या साबणाची वडी किसून बादलीत ढवळली. साबण तो साबण, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

गाडी धुऊन पुसून झाली. बॉनेटवर पाणी फवारून तिनं फिल्म सोडली आणि मला हातात घेतलं. मधून बाहेर, मधून बाहेर, असं आमचं काम सुरळीत चाललं होतं. मग बॉनेटच्या मधोमध मी अडखळले.

तिथे खडा नव्हता, केस नव्हता, हवेचा फुगाही नव्हता. फुगा ढकलला की सरकतो. हे सरकत नव्हतं. मी कडेनं चाचपत गेले. आधी एक रुंद जागा लागली. मग तिच्यातून निघालेल्या चार लांब वाटा, बाजूला एक आखूड. त्या चारांतली शेवटची वाट सरळ नव्हती, टोकाशी आत वळलेली होती. मित्रांनो, मी इतकी वर्षं हातातच जगले आहे. हात कसा असतो हे मला कुणी सांगायला नको. आणि आजूबाजूचा पत्रा गार असताना तेवढीच जागा कोमट होती.

ज्ञानेश्वरीनं मला तिथंच थांबवलं. तिनं रामेश्वरला हाक मारली.

"मालक, इकडं या. फिल्मखाली हात आलाय."

"कुणाचा हात?"

"बाईचा दिसतोय."

रामेश्वर आला आणि बॉनेटवर वाकला. तो हात लाल होता, हे मला त्यांच्या कुजबुजीतून कळलं. मघाशी गाडी पुसली तेव्हा तिथे काही नव्हतं, यावर ज्ञानेश्वरी देवाची शपथ घ्यायला तयार होती. आता तो पांढऱ्या बॉनेटवर पाचही बोटं पसरून उमटला होता, करंगळी वाकडी.

पण रामेश्वर धंद्याचा माणूस. तो लगेच भानावर आला. फिल्म काढ, डाग घासून टाक, नवा तुकडा लाव, म्हणाला. फिल्मखाली ठिपका दिसला तरी गिऱ्हाईक ऐकून घेत नाही, इथं तर अख्खा पंजा. ज्ञानेश्वरीनं ओली फिल्म सोलून काढली, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपात टाकली आणि मला कापडात गुंडाळून घासायला घेतलं.

तिनं पहिला हात फिरवला आणि गाडीत फोन वाजला.

बंद काचांच्या आड फोन वाजत होता आणि समोरच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात नाव आलं होतं, आई. ज्ञानेश्वरी थांबली. फोनही थांबला. तिनं परत घासायला सुरुवात केली. परत फोन वाजला. ती थांबली, तोही थांबला. त्या बंद खोलीत इतकं उकडत असताना तिच्या तळव्याचा घाम गार पडलेला मला जाणवला.

"मालक, साहेबांच्या आईचा फोन हाय. दोनदा आला. उचलू का?"

गिऱ्हाइकाच्या कुठल्याच वस्तूला हात लावायचा नाही, हा वर्कशॉपचा नियम. रामेश्वरनं तोच ऐकवला. मग साहेबांना ऑफिसच्या फोनवर कळवा तरी, असं ती म्हणाली. तेव्हा तो हसला.

"आईचाच फोन हाय ना? बोलतील संध्याकाळी. तू तरी कुठं उचलतीस?"

ती खाली मान घालून घासू लागली. डाग निघेना. घासावा तितका लाल होई. शेवटी तिला चुलतभावाच्या लग्नातला हळदीनं भरलेला सदरा आठवला. मित्रांनो, तुम्हीही पाहिलं असेल, शर्टावर वरण सांडलं आणि आईनं त्याला साबण लावला की पिवळा डाग लाल होतो. हळदीचा हा स्वभावच आहे. साबण लागला की ती लाजते आणि लिंबू लागलं की परत पिवळी होते. म्हणजे हा कुणीतरी हळदीचा हात उमटवला होता. वरवर पुसलाही होता, पण रंगात तो पुसटसा मुरला होता आणि कपड्याच्या साबणानं त्याला वर काढलं होतं.

हे कळल्यावर तिला हायसं वाटलं. नव्या गाडीच्या नाकाशी लिंबू-मिरची बांधलेली होतीच. तिनं त्यातलं लिंबू तोडलं, अर्धं कापून डागावर पिळलं आणि मला दाबून फिरवलं. लाल हात पिवळा झाला, पिवळा फिका झाला. तेव्हा फोन तिसऱ्यांदा वाजू लागला. ती या वेळी थांबली नाही. शेवटी वाकडी करंगळी उरली. तिच्यावरून मी फिरले आणि फोन वाजता वाजता मध्येच तुटला. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा बारा वाजून गेले होते. त्यानंतर तो दिवसभर वाजला नाही. बॉनेटचा पत्रा सगळीकडे सारखा गार लागला.

दुपारभर आम्ही दोघींनी जीव ओतून काम केलं. नवी फिल्म इतकी बेमालूम बसली की रामेश्वरनं बॉनेटवरून हात फिरवला आणि लई भारी म्हणाला. त्याच्या तोंडून कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं. मी फुगून गेले. आपण काय पुसलं हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

सहाला शिवराज आला. गाडी पाहून खूश झाला. मग आतला फोन काढून त्यानं पाहिला, तीनदा येऊन गेलेला आईचा फोन पाहिला आणि हसत हसत परत लावला. पलीकडून आई बोलली नाही. अजिंठ्याजवळच्या त्याच्या गावातली शेजारीण लक्ष्मीबाई बोलली. फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. त्याची आई, भागूबाई, सकाळी दहालाच गेली होती. चूल पेटवता पेटवता खाली बसली ती उठलीच नाही. मुलाचा नंबर गावात कुणाकडे नव्हता, म्हणून चुलत्याला, सर्जेरावांना, मोटारसायकलवर शहरात शोधायला पाठवलं होतं.

"मग दुपारी बाराला आईच्या फोनवरून मला कोण लावत होतं, मावशी?" शिवराजनं विचारलं.

"कुणीच नाय रे बाबा. फोन तिच्या उशाखालीच व्हता. आता वाजला म्हणून म्या काढला."

शिवराज बॉनेटपाशी आला आणि दोन्ही तळवे त्याच्यावर टेकून उभा राहिला. मग तो कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून सांगू लागला. काल संध्याकाळी तो आईला गाडी दाखवायला गावी गेला होता. तिनं हळद भिजवली, आपला हात भरवला आणि बॉनेटवर दाबला. तो तिच्यावर चिडला. उद्या फिल्म लावायची आहे, डाग राहील, म्हणाला आणि तिच्या देखतच ओल्या फडक्यानं पुसून टाकला. ती हळदीचा हात पदराला पुसून आत गेली.

"इथं होता," तो बॉनेटवर बोट ठेवून म्हणाला. "थोडा तरी राहिला होता का? करंगळी वाकडी होती तिची. विळ्यानं तुटता तुटता वाचलेली."

रामेश्वरनं दुसरीकडे पाहिलं. मी टेबलावर पडून होते. पुसण्यात माझ्याइतकी तरबेज कुणी नाही, असं मी आयुष्यभर मानलं होतं. त्या क्षणी मला वाटलं, मी मोडून पडले असते तर बरं झालं असतं.

"राहिला होता, साहेब," ज्ञानेश्वरी म्हणाली. "म्या पुसला."

ती कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेली. कागद, चिकटपट्ट्या, फडकी उपसून तिनं सकाळी सोललेली फिल्म बाहेर काढली. फिल्मच्या चिकट बाजूनं हळदीचा हात उचलून घेतला होता. पण पिंपात पडताना फिल्म मधोमध दुमडली होती आणि वाळल्यावर तिच्या दोन्ही चिकट बाजू एकमेकींना कायमच्या धरून बसल्या होत्या. शिवराजनं ती दिव्यासमोर धरली. आत हात होता. बोटं तळव्यावर मिटलेली होती, करंगळी वाकडी.

त्यानं फिल्म उघडायचा प्रयत्न केला. ज्ञानेश्वरीनं त्याचा हात धरला. आता उघडली तर फाटेल, म्हणाली. तो तसाच गाडीत बसला, ती मिटलेली मूठ मांडीवर ठेवून. गाडी निघाली तेव्हाही आवाज झाला नाही.

मी आता भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असते. माझ्या मऊ कडेत हळद मुरली आहे. साबणाचं पाणी लागलं की लाल उतरते, म्हणून मला कुणी गाडीवर घेत नाही. नव्या पट्ट्या आल्या आहेत, चांगल्या आहेत बिचाऱ्या. दुपारी बाराच्या सुमाराला माझी कड कोमट होते. उन्हानं होत असेल, असं रामेश्वर म्हणतो. माझ्या भिंतीवर ऊन येत नाही.

ज्ञानेश्वरी आता गाडीला पाणी लावायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते, हिला हळदकुंकू कुणी लावलं होतं, पुसू का? लोकांना नवल वाटतं. काही जण हसतात. काही जण फडकं तिच्या हातातून घेतात आणि जरा थांबा म्हणतात. मित्रांनो, माझी तुमच्याकडे तेवढीच विनंती आहे. पुसायला फार वेळ लागत नाही, म्हणून आधी विचारा.

आजही फिल्म अर्धी बसली असताना दुपारी फोन वाजतो. फिल्मवर रेघ राहते, रामेश्वर कुरकुरतो. मी खिळ्यावरून ऐकते.

"आई, हात ओले हायत. तू बोल."