चटईखालचे नारळ

माझा धाकटा भाऊ रोपेती याने आमच्या या बेटावरच्या गावावर एक कादंबरी लिहिली आणि गावाने त्याला हाकलून दिलं. या गोष्टीला चार वर्षं होत आली. कादंबरीतलं गाव चर्चचा मनोरा इतका उंच बांधतं, की फिरायला निघालेल्या देवाच्या कपाळाला टेंगूळ येतं. तिथला मोठा मताई, म्हणजे कुळप्रमुखांतला मुख्य, बोलण्याआधी तीनदा खाकरतो आणि तिसऱ्या वेळेपर्यंत काय बोलायचं होतं तेच विसरतो. आमचे मोठे मताई सेउमालोकाका तीनदाच खाकरतात. आणखी काय सांगायचं?

मताईंच्या सभेने ठरवलं, रोपेतीने वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. त्या दिवसापासून मी दुपारची घंटा होईपर्यंत अन्न घेत नव्हते. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव मनातच घ्यायची. मोठ्याने घेतलं तर सभेच्या कानावर जाईल, आणि प्रभूला काय, मनातलंही ऐकू येतं.

मग गेल्या हिवाळ्यात ऑकलंडहून लोसा आली. माझ्या मावसबहिणीची मुलगी. डोक्याचे केस एका बाजूने भादरलेले, गळ्यात कॅमेरा.

"मावशी, रोपेतीमामाच्या कादंबरीवर मी सिनेमा करतेय."

माझ्या हातातला कप कलंडला. "कुठे?"

"इथेच. सेउमालोआजोबांच्या अंगणात. त्यांनी हो म्हटलंय."

"आणि गावाची नालस्ती कोण करणार? नट आणलेस का?"

"नट नाहीत, संवाद नाहीत. सत्तर मिनिटं एकच दृश्य. अंगणात एक चटई. वरून कादंबरी ऐकू येणार. गावातल्या एकेकाने एकेक पान वाचायचं."

"आणि लोकांनी बघायचं काय?"

"चटई."

"सत्तर मिनिटं?"

"रविवारी दोन तास पाळकबुवांकडे बघता ना?"

मी तोंडावर हात ठेवला. देवा, हिला क्षमा कर. पण हसू आलंच होतं.

काकांनी परवानगी का दिली, तेही ऐका. "चेहराच दिसणार नाही म्हटल्यावर अपमान व्हायचा कुणाचा?" असं ते म्हणाले. त्यांनी स्वतःही एक पान वाचलं. तेव्हा कळलं, की पुस्तक त्यांनी उघडलंच नव्हतं. चर्चमधल्या डीकन इओपूने सांगितलं तेवढ्यावर तीन वर्षांपूर्वी निकाल लागला होता. खाकरणाऱ्या प्रमुखाचं पान वाचताना काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "कोण हे गाढव?" त्यांनी विचारलं.  मग त्यांचं हसू ओसरत गेलं, ते तीनदा खाकरले आणि म्हणाले, "पुढचं पान दे."

लोसाला साधी चटई चालणार नव्हती. तिला आईने विणलेली मानाची चटई हवी होती. चौदा महिने विणत होती आई ती. रेशमासारखी मऊ, काठाला लाल पिसं. अशी चटई लग्नाला निघते, मयताला निघते, आणि इफोंगाला. इफोंगा म्हणजे, ज्याच्या हातून अपराध घडला त्याने पहाटे दुखावलेल्याच्या दारापुढे गुडघे टेकायचे आणि अंगावर ही चटई पांघरून घ्यायची. घरातल्याने बाहेर येऊन चटई उचलली की क्षमा झाली. नाही उचलली तर उन्हात बसून राहायचं. जुन्या काळी कुऱ्हाडीही निघायच्या.

"खाली माणूस बसवणार असशील तर चटई मिळणार नाही," मी म्हणाले. "इफोंगाचा खेळ करायचा नसतो."

"गोणीभर नारळ ठेवते. झालं?"

"शब्द दे."

"दिला, मावशी."

शनिवारी पहाटे मी स्तोत्र आटोपून गेले तेव्हा कॅमेरा सुरू झाला होता. अंगणाच्या मधोमध आईची चटई, खाली उंचवटा. काका आपल्या उघड्या घरात दोन मताईंबरोबर कोको पीत बसलेले. लोसा आवाज नंतर घालणार होती, म्हणून त्यांची थट्टा बिनघोर चाललेली.

"सेउमालो, या नारळांनी काय गुन्हा केलाय?"

"तुझ्या डोक्यात पडले नाहीत, हाच."

मीही हसत होते. तेवढ्यात वाऱ्याने चटईचा काठ उडाला आणि मला एक टाच दिसली. डावी. टाचेवर पांढरा आडवा व्रण. आठ वर्षांचा असताना प्रवाळावर कापून घेतलेला. त्यावर लिंबू मीच पिळलं होतं.

 प्रार्थनेचा एक शब्द आठवेना. बंदी मोडली, लपून आला, आणि इफोंगाचं सोंग केलं, तेही काकांच्या दारात, आईच्या चटईखाली! हे उघड झालं तर त्याच्या परत येण्याची वाट कायमची बुजली.

मी लोसाजवळ गेले. "नारळ कुठेत?"

"मावशी, नारळ श्वास घेत नाहीत गं. पडद्यावर मेल्यासारखं दिसत होतं." तिने कॅमेऱ्यावरची नजर काढली नाही. "अजून पंधरा मिनिटं. दृश्यात येऊ नकोस."

शब्द दिला होता हिने मला.  मी चपला काढल्या, अंगणात चालत गेले आणि चटईचा काठ उचलून आत शिरले. मागून लोसा ओरडली.

आत आईच्या तेलाचा वास होता. रोपेतीची दाढी पिकली होती.

"ताई? जा बाहेर! सगळं दृश्य बिघडलं!"

"तू क्षमा मागायला आलायस?"

त्याने चटईचा काठ सारखा केला.

"रोपेती."

"लोसाला खाली माणूस हवा होता. म्हटलं, पुस्तक माझं, पाठही माझीच असू दे. गंमत वाटली."

गंमत. कुणी कानाखाली मारल्यासारखं झालं. मला ओरडता येत नाही, लहानपणापासूनच येत नाही. मी एवढंच म्हणाले, "तीन वर्षं मी दुपारपर्यंत जेवत नाही. तू घरी यावास म्हणून."

 तो काही बोलणार, तोच वर कुणीतरी खाकरलं. एकदा. दोनदा. तीनदा. आणि चटई उचलली गेली.

"फुआतिनो, नारळांसाठी कसली माफी मागतेस?" काका हसत वाकले होते. मग त्यांना तो दिसला.

घरात कुणाचा तरी कोको सांडला. काकांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. 

"उचलली!" एक मताई म्हणाला. "सेउमालो, तू उचललीस! क्षमा झाली की रे!"

"फसवून घेतलेली क्षमा कसली?" दुसरा ओरडला.

काका लोसाकडे वळले. "ते यंत्र बंद कर."

"आजोबा, फक्त दहा मिनिटं..."

"बंद."

तिने बंद केलं. तिचा सिनेमा आजही तिथेच संपतो. मग काकांनी, कुणाला काही कळायच्या आत, चटई पुन्हा आमच्यावर पांघरली, अगदी काठ सारखे करून. त्यांची पावलं घराकडे परत गेली.

"हे काय?" रोपेती कुजबुजला.

"आता कुणी बघत नाहीये," मी म्हणाले. "जायचं असेल तर मागे झाडी आहे."

तो गेला नाही. ऊन चढलं, चटई तापली. त्याचे गुडघे कापायला लागले, मग खांदे. बऱ्याच वेळाने कळलं, की तो रडतोय. चर्चमध्ये हसला की मी त्याला चिमटा काढायची. या वेळी फक्त त्याचा हात धरला.

चर्चची दुपारची घंटा झाली. पावलं आली. काका एकदाच खाकरले आणि चटई उचलली.

ते रोपेतीला काही बोलले नाहीत. त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं, स्वतःच्या हाताने. चटईची घडी करून माझ्याकडे दिली आणि घराकडे निघाले. पायरीवर थांबून त्यांनी मागे पाहिलं.

"तारोचा कंद भाजलाय. घंटा झाली, फुआतिनो. आता तरी चार घास खाशील ना?"

मी जागच्या जागी उभी राहिले. चटईखाली रोपेतीला हलक्या आवाजात सांगितलं ते सोडलं, तर माझा उपास मी कधीच कुणाला सांगितला नव्हता.