पोगसाच्या उंबऱ्यावरची लाल खूण

नदीवर धरण व्हायचं होतं. पाणी कुठवर चढेल ते मोजून लाल खुणा करायला देरी तेंगान आमच्या गावात आला. तो उंची मोजायच्या लेव्हल यंत्राच्या दुर्बिणीतून आकडे वाचायचा, त्याचा जोडीदार कुझी समोर आकड्यांची पट्टी धरून उभा राहायचा. खुणेच्या वर राहिलेल्या घरांनी पितोचे माठ उघडले, ज्वारीची दारू प्यायला शेजारी जमले. पोगसाचं घरही त्यातच होतं. तिनं लगेच नव्या खोलीची भिंत घालायला घेतली.

मोजणी जिथून सुरू केली त्या दगडावर शेवटी परत यायचं आणि आकडा जुळवायचा, हा या कामाचा नेम. देरीचा आकडा जुळेना. चिखलात यंत्राच्या तिवईचा पाय कुठंतरी खचला असणार. कुझी म्हणाला, वीतभराचा तर फरक आहे, धरणाच्या साहेबांना काय कळतंय. रात्री जेवताना तुओ झाफीचा, शिजवलेल्या पिठाचा गोळा देरीनं नुसताच बोटांनी कुस्करला. सारखा उठायचा, चढाकडे बघायचा, परत येऊन बसायचा. उजाडताच त्यानं तिवई खांद्यावर टाकली. कुझी कुरकुरत मागून गेला.

सगळी ओळ नव्यानं मोजली, तेव्हा आकडा जुळला. पण खूण आता पोगसाच्या आणि तिच्या दिराच्या उंबऱ्याच्या वर गेली.

ती नव्या भिंतीला गारा थापत होती. देरीनं रंगाचा डबा खाली ठेवून चूक आपली असल्याचं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"परवा घर वर होतं, आज खाली. पाणी तुझं ऐकतं का रे?"

"नाही ऐकत, मावशी. म्हणून तर परत आलो."

मग पलीकडच्या दिराचं घर दाखवून म्हणाली, "त्यालाही तूच सांग. मी नाही सांगणार."

दिरानं त्याला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. कुंपणाबाहेरूनच देरीनं सगळं सांगितलं. उतरत्या उन्हात चढावर जाऊन त्यानं दोघांसाठी पाण्याच्या वरची जागा मोजली आणि खुंट्या ठोकल्या.

धरण भरलं तेव्हा पोगसाच्या जुन्या घरात पाणी शिरलं. ती तोवर चढावर राहायला गेली होती. देरी पुढंही कामासाठी गावात यायचा. ती त्याला बसायला स्टूल द्यायची, पितो मात्र कधी विचारली नाही. तोही फार वेळ टेकायचा नाही.