सकुबाईसाठी गेको

सकुबाई पाच महिने अंथरुणाला खिळली होती आणि तिचं सगळं करून तिचा नवरा काळूराम पार थकला होता. भिंतीवरची पाल बघत ती दिवस काढायची. एकदा म्हणाली, "आज ती पण आली नाय." म्हणून तो भातसानगरहून शहापूरला पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेला.

"चढणारी पाल पायजे, गो. मी कधी पाळली नाय."

दुकानदार रविनाने विचार केला. "इग्वाना नको काका, फार मोठा होतो. नवख्याला क्रेस्टेड गेको बरा, परदेशी पालच ती, आपल्या पालीसारखाच काच चढतो. पण त्याला आपला उन्हाळा सोसायचा नाय."

"बायकोच्या खोलीत एसी हाय. डॉक्टरांनी सांगितल्यापासून चालूच असतो."

"मग न्या. काचेची पेटी रुंद नको, उंच घ्या. आत फांद्या लावा."

संध्याकाळी त्याने पेटी पलंगाशेजारी ठेवली. गेको फांदीवरून काचेवर चढला आणि मध्येच थांबला.

"दमला वाटतं," सकुबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तुमी पण बसा जरा."

काळूराम हातातलं भांडं खाली ठेवून तिच्या पायाशी टेकला. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. तिने त्याला उठवलं नाही.