मामंजींनी पाठवलेला फोटो

टोपी बाजारातली दुकानं रात्री तरी बंद होतात, माझ्या सासऱ्यांचं तोंड होत नाही. मामंजींचं तिथं लग्नाच्या साफ्यांचं दुकान आहे. पूर्वज शिंद्यांच्या घोडदळात होते, म्हणून नवरदेवाच्या डोक्याला साफा गुंडाळता गुंडाळता हे लढाया जिंकतात. या मे महिन्यात शेजारी देशाशी जुंपली आणि मग तर विचारूच नका. ‘‘एकदाचा निकाल लावून टाका!’’ बोलायला यांच्या बापाचं काय जातं, असंही मला म्हणता येईना. यांचाच मुलगा तिकडे होता.

राजवर्धन, माझा नवरा, हवाई दलात विमानांची दुरुस्ती करतो. सीमेजवळच्या तळावर पोचल्यावर त्यानं मला एक फोटो पाठवला. घामेजलेला, हसरा चेहरा आणि मागे ओळीनं विमानं. खाली लिहिलं होतं, ‘फक्त तुझ्यासाठी. बघ आणि पुसून टाक.’

मी पुसणारच होते. आधी सासूबाईंना दाखवला. त्या डोळे टिपत बसल्या आणि मोबाईल मामंजींच्या हातात गेला. मी चहा गाळून येईपर्यंत त्यांनी फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेऊन समाजाच्या ग्रुपवर टाकलाही होता. ‘आमचा राजवर्धन सरहद्दीवर तयार!’ वर तळ असलेल्या गावाचं नाव. मी ओरडले तर म्हणाले, ‘‘अगं, ग्रुपमध्ये सगळे आपलेच तर आहेत.’’

संध्याकाळी भोंगा वाजला. गल्लीत कुणीतरी ओरडत होतं, ‘‘अरे, लाइट बंद करो!’’ आम्ही तिघं अंधारात स्वयंपाकघरात बसलो. मोबाईलवर बातम्या हळू आवाजात लावल्या होत्या. हवाई तळांवर ड्रोन आले, असं सांगत होते. मग त्याच गावाचं नाव आलं.

मी लगेच राजवर्धनचा फोन लावला. बंद.

‘‘सोनल,’’ मामंजी हळूच म्हणाले, ‘‘तो फोटो काढून टाक ना.’’

त्यांच्या मोबाईलवरून मीच तो सगळ्यांसाठी डिलीट केला.

‘‘गेला?’’

‘‘गेला.’’

ते घटाघटा पाणी प्यायले. सासूबाईंनी देवाला हात जोडले. मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात मामंजींचा मोबाईल उजळला. इंदूरचा समरजीत, गेल्या वर्षी त्याच्या लग्नाचे साफे आमच्याकडचेच होते. तो काही आमच्या ग्रुपमध्ये नव्हता. त्यानं लिहिलं होतं, ‘काकासाहेब, देखिए, अपना राजवर्धन तो फेमस हो गया!’

खाली तोच फोटो. त्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण होती. गावाचं नाव आता कुणीतरी मोठ्या अक्षरांत फोटोवरच लिहिलं होतं आणि राजवर्धनच्या मागच्या विमानांभोवती लाल गोल काढला होता.

मामंजींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. लहान मुलासारखे म्हणाले, ‘‘हा पण काढ ना, बेटा.’’

मी पुन्हा राजवर्धनचा नंबर लावला. बंदच होता.