माझ्या जाळीवरचा हार

मी एक जुनी विजेची मोटर आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी भारी संशयी आहे. मित्रांनो, तीस वर्षं माणसांच्या हाताखाली काढली की तुम्हीही व्हाल. कोणी ग्रीस भरायला आला की मला वाटतं, डबा शिळा तर नाही ना? कोणी बोल्ट आवळला की वाटतं, शेजारचा ढिलाच ठेवला असणार.

नाशिकला अंबडमधल्या एका कारखान्यात रंग वाळवायची भट्टी आहे. तिच्यात वारा घालणारा मोठा पंखा मी फिरवते. नवी होते तेव्हा माझ्या एकसुरी आवाजाचं सगळे कौतुक करायचे. मग एकदा जळाले आणि दोन वर्षं कोपऱ्यात धूळ खात पडले. या श्रावणात कारखान्यातल्याच नवनाथ कारागिराने माझं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची वेटोळी, नव्याने भरलं. नवनाथ सायखेड्याचा, अबोल माणूस. तांब्याची तार गुंडाळताना दोन दिवसांत चार शब्द बोलला असेल. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

दसरा झाला आणि मी तापायला लागले. तासाभरात अंगाला हात लावता येईना. आतली सुरक्षेची सोय मला बंद पाडायची. भट्टी थांबायची, रंगवलेले पत्रे ओलेच राहायचे.

सुपरवायझर सावळीराम तडक नवनाथवर घसरले. "तार बारीक घातलीस ना? उरलेलं तांबं कुठं गेलं?"

"मोजून भरलंय, साहेब."

"उद्यापर्यंत मोटर नीट चालली नाही, तर परवापासून गेटवर येऊ नकोस."

खरं सांगते, मला बरं वाटलं. माझा अंदाज बरोबर निघाला म्हणून मी मनातल्या मनात फुशारले.

तपासायला देखभाल विभागातली भाग्यश्री आली. तिने वीज तोडली, स्विचला कुलूप घातलं आणि विजेची गळती तपासणारा मेगर जोडला. वाइंडिंगमधून वीज माझ्या अंगावर झिरपत नव्हती. मग तिने तिन्ही फेजच्या तारांचा विद्युतरोध मोजला. आकडे सारखे आले, आणि मी नवी होते तेव्हाच्या नोंदींशीही जुळले.

"तार बारीक असती तर आकडा वाढला असता, साहेब," ती म्हणाली. "वाइंडिंगमध्ये काही दोष नाही."

"मग तापते कशी?"

तिने मला चालू केलं आणि माझ्या मागच्या जाळीवर एक कोरा कागद धरला. त्या जाळीआड माझा स्वतःचा छोटा पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढून माझं अंग गार ठेवतो. कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो सरळ खाली पडला.

तिने मला थांबवून जाळीचं झाकण खोललं. आत झेंडूच्या पाकळ्यांचा वाळका लगदा बसला होता आणि पंख्याभोवती दोरा गुंडाळला होता.

मग सर्वात जुना फिटर भिकन पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "खंडेनवमीला हार म्याच घातला. लय दिवसांनी उभी राह्यली व्हती ना, म्हणून मोठा आणला. जाळीलाच अडकवला. हार गळून पडला आसंल, आसं वाटलं मला."

मलाही तसंच वाटलं होतं. तीस वर्षांत ज्या एका हातावर मी संशय घेतला नाही, तो हार घालणारा हात होता. आणि ज्याने मला पुन्हा उभं केलं, त्याला मी चोर ठरवून बसले होते.

नवनाथने खाली बसून एकेक पाकळी वेचून काढली. मग उभा राहून त्याने विचारलं, "तांबं मोजायचंय का, साहेब?"

सावळीरामांनी मान खाली घातली. मला मान नाही, नाहीतर मीही घातली असती.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना हार जरूर घाला, पण भिंतीवरच्या खिळ्याला. आमची जाळी मोकळी असू द्या. आणि कोणाला चोर म्हणायच्या आधी एक कोरा कागद धरून बघा. मी आता दिवसभर गार चालते, पण नवनाथ जवळून गेला की अजून शरमेने माझं अंग तापतं.